शुभवर्तमान ऐकणारी माणसे

चौथ्या शतकातली गोष्ट. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एका संन्याशाजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, शुभवर्तमानाची एक प्रत. एके दिवशी त्याने ती विकली आणि आलेल्या पैशांत भुकेल्यांना जेवू घातले. असेल ते विकून गरिबांना दे, असे जे वचन मला रोज बजावत होते तेच मी विकून टाकले, असे त्याचे म्हणणे. त्याच वाळवंटात आयुष्याची अखेरची वर्षे घालवलेल्या इव्हॅग्रियस या विद्वान संन्याशाने ही हकिगत लिहून ठेवली.

त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी इटलीतल्या असिसी गावाबाहेर, संत फ्रान्सिसच्या झोपडीवजा मठाच्या दारात एक बाई भिक्षा मागायला आली. तिचे दोन मुलगे घरदार सोडून फ्रान्सिसच्या बंधुसंघात आले होते. या माऊलीला देण्यासारखे काही आहे का, असे फ्रान्सिसने कारभार पाहणाऱ्या पीटर कटानीला विचारले. घरात काहीच नाही, पहाटेच्या प्रार्थनेत वाचायला ठेवलेला नवा करार तेवढा आहे, असे पीटर म्हणाला. मग तोच तिला देऊन टाक, असे फ्रान्सिसने सांगितले. विकून तिची गरज भागेल, आणि आपण तो वाचण्यापेक्षा तिला दिलेला देवाला अधिक आवडेल, अशी त्याची खात्री होती. शुभवर्तमाने ज्या नव्या करारात आहेत, त्याची त्या संघाला मिळालेली ती पहिलीच प्रत होती.

मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मजीवनावर शुभवर्तमानाचा प्रभाव किती, असे कुणी विचारले तर मी आधी या दोन गोष्टी सांगेन. त्या काळात शुभवर्तमानाची पुस्तके सोन्याने मढवली गेली, रत्नांनी जडवली गेली, मिरवणुकीने वेदीपर्यंत नेली गेली. तो मान मोठाच होता. पण युरोपचे धर्मजीवन ज्यांनी पुन्हा पुन्हा ढवळून काढले, ती माणसे वेगळी होती. भर उपासनेत एखादे वाक्य कानांवर पडावे, ते आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटावे आणि त्याच दिवशी आयुष्य बदलावे, अशी ती माणसे. या प्रकरणात आपण मुख्यतः अशा दोन वाक्यांचा माग काढणार आहोत.

दोन वाक्ये

शुभवर्तमान हा ज्या ग्रीक शब्दाचा मराठी अवतार आहे, त्याचा अर्थ चांगली बातमी. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार छोटी पुस्तके पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिली गेली. येशूचा जन्म, त्याची शिकवण, क्रूसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान हा त्यांचा विषय. इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दामासस यांनी जेरोम या पंडिताला लॅटिन भाषांतरे तपासून सुधारायला सांगितले. त्यातून जो पाठ सिद्ध झाला तोच पश्चिम युरोपने पुढची हजार वर्षे ऐकला.

आपल्या दोन वाक्यांपैकी पहिले मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एक श्रीमंत तरुण येशूला विचारतो की, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? पूर्ण व्हायचे असेल तर असेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे येशू त्याला सांगतो. तरुण खिन्न होऊन निघून जातो. दुसरे वाक्य दहाव्या अध्यायातले. शिष्यांना गावोगाव धाडताना येशू त्यांना बजावतो की कमरेला पैसे बांधू नका, झोळी, दुसरा अंगरखा, वहाणा, काठी काहीही बरोबर घेऊ नका. फुकट मिळाले आहे, फुकट द्या.

वाक्ये सरळ आहेत. अवघड प्रश्न एवढाच होता की ती कोणासाठी आहेत? त्या एका तरुणासाठी आणि त्या बारा शिष्यांसाठी, की आज ऐकणाऱ्या माझ्यासाठीही?

डोळ्यांपेक्षा कान

हा प्रश्न मध्ययुगातल्या माणसापर्यंत पोहोचत होता तो कानांवाटे. छपाई नव्हती, पुस्तक म्हणजे एखाद्या शेताच्या किमतीची वस्तू, आणि अक्षरओळख थोड्यांनाच. म्हणून शुभवर्तमान वाचायचे नसे, ऐकायचे असे. मिस्साविधीत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, त्याच्या वाचनाची वेळ आली की उपगुरू पुस्तक हातात धरून निघे. पुढे मेणबत्त्या, धूपाचा सुवास. सगळे लोक उठून उभे राहत. वाचन संपले की पुस्तकाचे चुंबन घेतले जाई. राजा दरबारात आला की लोकांनी जसे वागावे, तसे ते पुस्तकासमोर वागत.

अडचण भाषेची होती. शुभवर्तमान लॅटिनमध्ये, आणि लोकांची बोली लॅटिनपासून दूर गेलेली. इ.स. ८१३ मध्ये फ्रान्सच्या तूर शहरात भरलेल्या धर्मपरिषदेने म्हणूनच एक मोलाचा ठराव केला. प्रवचने लोकांच्या गावरान रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत समजावून सांगावीत, असा तो ठराव. वाचन लॅटिनमध्येच राहिले, पण त्याचा अर्थ लोकांच्या बोलीत उतरू लागला. बाकीचे काम भिंतींवरच्या चित्रांनी, रंगीत काचांच्या खिडक्यांनी आणि वर्षभराच्या सणांनी केले. येशूचा जन्म, उपवासकाळ, दुःखसहन आणि पुनरुत्थान हे वर्षाचे चक्र फिरत राही आणि शेतकऱ्याच्या पेरणी-कापणीत शुभवर्तमानाची गोष्ट मिसळून जाई.

इजिप्तचा अँटनी आणि बेनेडिक्टचा मठ

पहिले वाक्य ज्याने शब्दशः अंगीकारले त्याची कथा मध्ययुगाच्या आधीची आहे, पण मध्ययुगाला घडवणारी आहे. इ.स. २५१ च्या सुमारास इजिप्तमध्ये जन्मलेला अँटनी अठरा-वीस वर्षांचा असताना त्याचे आई-वडील वारले. घरची जमीन चांगली सुपीक, तीनशे अरूरा, म्हणजे सुमारे दोनशे एकर. एके दिवशी तो चर्चमध्ये शिरला तेव्हा नेमके श्रीमंत तरुणाचे वाचन चालू होते. अँटनी बाहेर पडला आणि त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. चीजवस्तू विकून पैसे गरिबांत वाटले, धाकट्या बहिणीसाठी थोडे ठेवले. पुन्हा एकदा चर्चमध्ये गेला, तेव्हा उद्याची चिंता करू नका हे वचन कानांवर पडले. मग त्याने उरलेलेही वाटले, बहिणीला विश्वासू स्त्रियांच्या हाती सोपवले आणि तो एकांतवासात गेला.

अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांनी त्याचे चरित्र लिहिले आणि ते पश्चिमेत पोहोचले. ३८६ मध्ये मिलानला एका ओळखीच्या माणसाने ही कथा ऑगस्टीन नावाच्या प्राध्यापकाला सांगितली. अंतःकरणात आधीच झगडा चालू असलेला ऑगस्टीन त्या कथेने हलला, आणि त्याच दिवशी त्याच्या आयुष्याने वळण घेतले. पुढे तो मध्ययुगाचा सर्वांत मोठा धर्मगुरू ठरला.

पण प्रत्येकाला वाळवंटात जाणे जमणारे नव्हते. सहाव्या शतकात नर्सियाच्या बेनेडिक्टने इटलीतल्या मॉन्ते कासिनो इथे मठ उभारला आणि ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्यात शुभवर्तमान दिनचर्येत कसे उतरवले आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. मठवाशाजवळ स्वतःचे काही नसावे, ना पुस्तक, ना पाटी, ना लेखणी. दारात येणारा प्रत्येक पाहुणा म्हणजे साक्षात ख्रिस्त, असे मानून त्याचे स्वागत व्हावे आणि त्याचे पाय धुवावेत. स्वयंपाकघरातली पाळी आठवड्याने बदले. शनिवारी पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, आणि ती आठवण मठात अशी आठवड्याला जिवंत होत होती. रविवारी, उजाडण्याआधीच्या प्रार्थनेत मठाधिपती स्वतः शुभवर्तमान वाची आणि सगळे आदराने, भीतियुक्त भावाने उभे राहून ऐकत.

पाहुण्यात ख्रिस्त पाहण्याची ही दृष्टी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची सेवा, कैद्याची भेट अशी सहा कामे तिथे सांगितली आहेत. यांपैकी काहीही कुणा क्षुद्राला केले तरी ते मलाच केले, असे येशू म्हणतो. मध्ययुगाने त्यांत मृतांना मूठमाती देण्याची भर घालून दयेची सात कामे मोजली. मठांच्या आवारात आजाऱ्यांसाठी खोल्या झाल्या, यात्रेच्या वाटांवर धर्मशाळा झाल्या, शहरांत रुग्णालये उभी राहिली. हॉस्पिटल हा शब्दच मुळी पाहुणा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. रुग्णालयांच्या इतिहासाची एक मोठी मुळी या एका अध्यायात रुजलेली आहे.

कातड्यावर लिहिलेले वचन

मठांचे दुसरे मोठे काम म्हणजे नकला करणे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे छोटे बेट आहे. भरती आली की त्याची वाट पाण्याखाली जाते. ६९८ ते ७२१ या काळात तिथे बिशप असलेल्या ईडफ्रिथने चारही शुभवर्तमानांची एक प्रत लिहिली आणि रंगवली. तिची सुमारे २६० पाने आहेत आणि ती सगळी वासरांच्या कातड्याची. एवढ्या पानांना शंभराहून जास्त वासरे लागली असणार. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस खरवडून काढायचे, चौकटीवर ताणून अर्धचंद्राच्या आकाराच्या सुरीने तासायचे, वाळवायचे. मग टोचणीने बारीक भोके पाडून ओळी आखायच्या. त्यानंतर कुठे पिसाची लेखणी शाईत बुडवायची. समुद्रावरचा गार वारा, अपुरा उजेड, आणि प्रत्येक अक्षर असे की आज तेराशे वर्षांनीही ते स्वच्छ वाचता येते.

या पुस्तकावर नंतर एक हात फिरला आहे. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, प्रत्येक शब्दाचा अर्थ जुन्या इंग्रजीत लिहिला. शुभवर्तमानांचा इंग्रजीतला आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना अनुवाद. एवढ्या देखण्या पानावर लेखणी टेकवायला तो कसा धजावला असेल? लोकांच्या भाषेत वचन कळले पाहिजे, ही निकड पानाच्या सौंदर्याहून त्याला मोठी वाटली, असेच मला दिसते. हे पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

लिऑनचा सावकार

बाराव्या शतकापर्यंत युरोप बदलला होता. शहरे वाढली, बाजार वाढले, पैसा हातोहात फिरू लागला. मठांनाही दानाच्या जमिनी मिळत गेल्या. एकटा मठवासी निष्कांचन, पण मठ गडगंज, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. अशा वेळी ते जुने वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी ते शहरात ऐकू आले.

फ्रान्समधल्या लिऑन शहरात व्हाल्डेस नावाचा श्रीमंत व्यापारी सावकारीही करत असे. आपण त्याला पीटर वाल्डो या नावाने ओळखतो. ११७३ च्या सुमारास एका रविवारी रस्त्यात एक भाट संत अलेक्सिसची कथा गात होता. लग्नाच्या रात्रीच ऐश्वर्य सोडून भिकारी झालेल्या माणसाची ती कथा. वाल्डोने भाटाला घरी नेले, कथा नीट ऐकली. दुसऱ्या दिवशी तो एका धर्मपंडिताकडे गेला आणि देवाकडे जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता, असे त्याने विचारले. पंडिताने श्रीमंत तरुणाला मिळालेलेच उत्तर त्याला दिले.

वाल्डो खिन्न होऊन परतला नाही. स्थावर की जंगम, काय हवे ते घे, असे त्याने पत्नीला सांगितले. तिने घरेदारे आणि जमिनी ठेवून घेतल्या. मुलींना त्याने फॉन्तव्रोच्या मठात पोहोचते केले. ज्यांच्याकडून व्याज घेतले होते त्यांना ते परत केले, आणि दुष्काळात भुकेल्यांना भाकरी, कालवण वाटले. याआधी की नंतर ते नक्की नाही, पण याच ध्यासातून त्याने दोन धर्मगुरूंना पैसे देऊन शुभवर्तमाने लोकभाषेत उतरवून घेतली. एक जण अर्थ सांगे, दुसरा लिहून घेई. वाल्डोने आणि त्याच्या सोबत्यांनी ती पाठ केली आणि चौकाचौकांत सांगायला सुरुवात केली. त्यांत स्त्रियाही होत्या.

इथे अडचण आली. ११७९ मध्ये रोमला भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत हे लोक हजर झाले. पोप अलेक्झांडर तिसरे यांनी त्यांच्या दारिद्र्यव्रताला मान्यता दिली, पण स्थानिक धर्मगुरूने बोलावल्याशिवाय प्रवचन करायचे नाही अशी अट घातली. वॉल्टर मॅप या इंग्रज पंडिताने भरसभेत त्यांची परीक्षा घेतली. पित्यावर विश्वास आहे का? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. ख्रिस्ताच्या मातेवर? त्यांनी भाबडेपणाने त्याच शब्दांत होकार दिला आणि सभा हसली, कारण तशी श्रद्धा फक्त देवावर ठेवायची असते हा बारकावा त्यांना माहीत नव्हता. पण तोच मॅप पुढे लिहितो की हे लोक दोघे-दोघे मिळून अनवाणी हिंडतात, लोकरीचे एक वस्त्र नेसतात, स्वतःजवळ काही ठेवत नाहीत. यांना आत घेतले तर आपल्यालाच बाहेर जावे लागेल, ही भीतीही तो बोलून दाखवतो.

प्रवचन थांबवायला वाल्डोचे लोक तयार झाले नाहीत. ११८४ मध्ये पोप लुशियस तिसरे यांनी व्हेरोना इथे काढलेल्या फर्मानात त्यांची गणना बहिष्कृतांत झाली. पुढची कित्येक शतके त्यांचा छळ झाला. आल्प्सच्या दऱ्यांत ते तग धरून राहिले आणि आजही इटलीत त्यांचा पंथ आहे. २२ जून २०१५ रोजी पोप फ्रान्सिस तुरिनमधल्या त्यांच्या मंदिरात गेले आणि कॅथलिक चर्चच्या वतीने त्यांनी या लोकांची क्षमा मागितली. आठशे वर्षे उशिरा का होईना, ते शब्द उच्चारले गेले याचे मोल मोठे आहे.

असिसीचा फ्रान्सिस

वाल्डोनंतर एका पिढीच्या आत असिसीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने दुसरे वाक्य ऐकले. फ्रान्सिस तोवर बापाच्या पैशावर पाणी सोडून, अंगावरचे कपडेही बापाला परत करून बाहेर पडला होता आणि पडकी चर्च दुरुस्त करत होता. पण नेमके काय करायचे ते त्याला उमगत नव्हते. परंपरा सांगते की २४ फेब्रुवारी १२०८ रोजी तो पोर्झियुंकोला नावाच्या छोट्याशा देवळात मिस्साला उभा होता. त्या दिवशी शिष्यांना धाडण्याचे वाचन होते. त्याला सगळे नीट कळले नाही, म्हणून मिस्सा संपल्यावर त्याने धर्मगुरूला अर्थ विचारला. त्याने ओळीओळीने समजावले. फ्रान्सिसला अतिशय आनंद झाला. हेच मला हवे होते, असे म्हणत त्याने तिथल्या तिथे वहाणा काढल्या, काठी टाकली, चामड्याचा पट्टा सोडून कमरेला दोरी बांधली. आजही फ्रान्सिस्कन बंधूंच्या कमरेला जी दोरी दिसते, ती त्या सकाळची आठवण.

थोड्याच दिवसांत बर्नार्ड नावाचा असिसीतला धनिक त्याला येऊन मिळाला. आता पुढे काय, हे विचारायला ते गावातल्या संत निकोलसच्या चर्चमध्ये गेले आणि वेदीवरचे पुस्तक तीन वेळा उघडले. पहिल्यांदा निघाला श्रीमंत तरुण. दुसऱ्यांदा वाटेसाठी काही घेऊ नका हे वचन. तिसऱ्यांदा, आपला क्रूस उचलून मागे येण्याचे आवाहन. ज्या मिस्सा-पुस्तकातून हे घडले असे मानतात, ते आज अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात जपलेले आहे.

१२०९ च्या सुमारास फ्रान्सिस अकरा सोबत्यांसह पोप इनोसंट तिसरे यांच्यापुढे उभा राहिला. वाल्डोचा अनुभव रोमला आठवत होता. अनवाणी, निष्कांचन, प्रवचन करू मागणारी ही माणसे वाल्डोच्या माणसांहून दिसायला वेगळी नव्हती. फरक दोन्ही बाजूंनी पडला. फ्रान्सिसने धर्मगुरूंचा आदर आणि पोपची आज्ञा कधी सोडली नाही, आणि इनोसंटनेही दार लावून घेतले नाही. तोंडी परवानगी मिळाली. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी मंजूर केलेल्या नियमावलीच्या आरंभीच या बंधूंचे जीवन म्हणजे शुभवर्तमानाचे पालन, असे सांगितले आहे.

असिसीच्याच क्लेअरने हा मार्ग स्त्रियांसाठी खुला केला. स्त्रियांच्या मठाला जमिनीचे उत्पन्न हवेच, असे मोठमोठ्यांनी तिला समजावले, पण ती बधली नाही. तिने स्वतः लिहिलेली नियमावली पोपनी ९ ऑगस्ट १२५३ रोजी मंजूर केली. दोन दिवसांनी तिने देह ठेवला. ख्रिस्ती मठजीवनासाठी स्त्रीने लिहिलेली आणि पोपने मान्य केलेली ती पहिली नियमावली.

ग्रेचोची गव्हाण

नियमावली मंजूर होऊन महिनाही झाला नव्हता. १२२३ च्या नाताळात फ्रान्सिस ग्रेचो नावाच्या डोंगरी गावात होता. बेथलेहेमचे बाळ कशा अवस्थेत जन्मले ते डोळ्यांनी पाहायचे, अशी त्याची इच्छा. तिथल्या जॉन नावाच्या सरदाराने गव्हाण आणली, तिच्यात वाळले गवत भरले, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव बांधले. मध्यरात्री गावकरी मशाली घेऊन डोंगर चढून आले. जंगल उजळले. गव्हाणीवरच मिस्सा झाला. फ्रान्सिस उपगुरू होता, म्हणून शुभवर्तमान त्याने स्वतः गाऊन वाचले. त्याचा चरित्रकार थॉमस सेलानो सांगतो की बेथलेहेम हा शब्द तो मेंढराच्या आवाजात उच्चारी, आणि येशूचे नाव घेताना त्या गोडीची चव घ्यावी तशी ओठांवरून जीभ फिरवी.

लॅटिन न कळणाऱ्या गुराख्याला त्या रात्री वेगळ्या भाषांतराची गरज उरली नाही. गवताचा वास, बैलाचा उष्ण श्वास, थंडी हे सगळे त्याच्या घरचेच होते. इथून पुढे ख्रिस्ती भक्तीचा सूर बदलत गेला. सिंहासनावरच्या राजाच्या जोडीने आईच्या कुशीतले बाळ आणि क्रूसावरचा वेदनेने वाकलेला माणूस भक्तांच्या नजरेत भरला. १३०५ च्या सुमारास जोत्तोने पदुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर येशूचे जीवन रंगवले, त्यातली माणसे खरीखुरी रडतात, एकमेकांना बिलगतात. नाताळात वसईच्या आणि गोव्याच्या घराघरांत जो गोठा सजतो, त्याची वाट ग्रेचोवरूनच आलेली आहे.

थैलीचा वाद

फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर, म्हणजे १२२६ नंतर, संघ वाढला. बंधू विद्यापीठांत शिकवू लागले, मोठाले मठ बांधले गेले. मग दारिद्र्याचे काय? १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी तोडगा काढला की बंधूंनी वस्तू वापराव्यात, मालकी पोपची. अनेकांना हे पटले, पण काहींना ही पळवाट वाटली. फ्रान्सिसने सांगितले तसेच अक्षरशः जगायचे, असा आग्रह धरणाऱ्या या बंधूंना कोठडीत टाकण्यापर्यंत वेळ गेली. १३१८ मध्ये मार्सेय इथे चौघांना जाळण्यात आले.

वाद शेवटी शुभवर्तमानातल्या एका थैलीपाशी येऊन ठेपला. शिष्यांच्या पैशांची थैली त्यांच्यातल्या यहूदाजवळ असे, असे योहान सांगतो. मग येशू आणि शिष्य यांची मालमत्ता होती की नव्हती? १३२३ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी निर्णय दिला की त्यांचे काहीच नव्हते असे ठामपणे म्हणत राहणे हा पाखंडीपणा आहे. ज्या वाक्यासाठी फ्रान्सिसने वहाणा काढल्या, त्याचा अर्थ ठरवायला आता कायदेपंडित बसले होते. मात्र ते वाक्य जगणारी माणसे वाटेवर निघूनही गेली होती, आणि त्यांतली काही आपल्या किनाऱ्याला लागली होती.

ठाण्याचे चौघे

तोलेंतिनोचा थॉमस हा त्या कडक व्रत पाळणाऱ्या बंधूंपैकी एक. दारिद्र्याच्या आग्रहापायी त्याने सोबत्यांसह इटलीत कित्येक वर्षे बंदिवास भोगला होता. १२८९ मध्ये निवडून आलेल्या रेमंड गोफ्रेदी या संघप्रमुखाने त्यांना सोडवले आणि आर्मेनियात सेवेला पाठवले. काहीही बरोबर न घेता जा, हे वाक्य थॉमसला तिथून आणखी पूर्वेला घेऊन गेले. म्हातारपणी तो इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून जहाजात बसला. बरोबर पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, भाषा जाणणारा तिफ्लिसचा बंधू दिमित्री, आणि डॉमिनिकन संघाचा जॉर्डन. जायचे होते केरळातल्या कोल्लमला, जहाज लागले ठाण्याला.

ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या परंपरेतली काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्यांच्यापैकी एकाच्या घरी हे उतरले. जॉर्डन सोपाऱ्यामार्गे भडोचकडे निघाला आणि चौघे मागे राहिले. ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने पुढची हकिगत लिहिली आहे. घरातल्या नवरा-बायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीसाठी या बंधूंना बोलावले, आणि तिथे बोलणे धर्मावर वळले. वाद विकोपाला गेला. एप्रिल १३२१ मध्ये शहराच्या अधिकाऱ्याच्या हुकमाने चौघांना ठार करण्यात आले. ही बातमी कळल्यावर दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्याला शासन केले, असेही ओडोरिक सांगतो. जॉर्डनने परत येऊन चौघांचे देह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. पुढे ओडोरिक ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन जहाजाने चीनला, आजच्या छुआनचौ बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात गेला. जॉर्डनला १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमले गेले. नेमणारे पोप होते तेच जॉन बाविसावे.

इजिप्तमधल्या एका चर्चच्या दाराशी तरुण शेतकऱ्याने ऐकलेले वाक्य, मिलानमध्ये सांगितली गेलेली त्याची कथा, लिऑनच्या चौकातला भाट, असिसीची दोरी, मार्सेयची चिता आणि ठाण्याची खाडी, हा सगळा एकाच प्रश्नाचा माग आहे. कुठे त्या प्रश्नातून मठ उभे राहिले, कुठे रुग्णालये, कुठे नवे संघ. कुठे त्याच प्रश्नापायी माणसे बहिष्कृत झाली, जाळली गेली. चर्चला शुभवर्तमानाची आठवण करून देणारी माणसे बहुतेक वेळा चर्चमध्येच वाचन ऐकून उठलेली होती, हे मध्ययुगाच्या इतिहासातले सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे सत्य आहे असे मला वाटते.

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वास्को द गामा भारतात पोहोचला १४९८ मध्ये. त्याच्या १७७ वर्षे आधी, दोन अंगरखेही जवळ न बाळगणारी ही चार माणसे ठाण्यात मारली गेली आणि सोपाऱ्यात पुरली गेली. ठाणे आणि नालासोपारा ही स्थानके आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहेत. पुढच्या वेळी तिथून जाताना त्या चौघांची आठवण ठेवा.